मदत हवी आहे: शाळेच्या हॉलला स्टेज लाईट कुठले घ्यावेत?

नमस्कार मंडळी, कोथरूडच्या आमच्या शाळेच्या हॉलला लाईट घ्यायचेत, मला यातलं ओ का ठो कळत नाही पण पालक सभेत नको तिथे तोंड उघडलं आणि काम गळ्यात पडलं. स्टेज साधारण 24 बाय 16 फूट. आत्ता 1000 वॉटचे चार जुने हॅलोजन पार (म्हणजे डब्यासारखे स्टेज लाईट) आहेत आणि पॉइंट एकच, 15 अँपिअरचा, म्हणजे 230 व्होल्टला जेमतेम 3450 वॉट, चारही लावले की थोड्या वेळाने एमसीबी पडतो, गेल्या गॅदरिंगला अफझलखानाचा कोथळा अंधारातच निघाला 😄

म्हणून आता एलईडीच. तपकीर गल्लीत (पुण्यातला इलेक्ट्रिकल बाजार) विचारलं तर 54 बाय 3 वॉटवाले, म्हणजे 3 वॉटचे 54 एलईडी असलेले, आरजीबी (लाल-हिरवा-निळा मिसळून रंग करणारे) पार दाखवले, पण त्यात पांढरा लावला तरी चेहरे जांभळट दिसतात. मग समोरून वॉर्म व्हाइट, मागून रंगीत असं केलं तर? की सगळे आरजीबीडब्ल्यूच (ज्यात वेगळा पांढरा एलईडीही असतो) घेऊ? डीएमएक्स बोर्ड (लाईट कंट्रोल करायचा) चित्रकलेच्या बाईंना चालवता येईल इतका सोपा हवा. आणि या एलईडी लाईटमधल्या पंख्याचा आवाज किती येतो हो, आमच्याकडे माइक दोनच आहेत. कुणी शाळेत बसवलेत का?