सेवा की करिअर?
‘धार्मिक संस्थेतलं आरोग्याचं काम म्हणजे सेवाभाव, त्यात करिअर कसलं?’ असं बरेच जण म्हणतात. हे म्हणणं पगारापुरतं मान्य, बाकी नाही. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाणांनी १९३६ साली कुष्ठधाम सुरू केलं, तेव्हा कुष्ठरोगावर खात्रीचं औषधच नव्हतं. आता गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, ६ किंवा १२ महिन्यांत उपचार संपतो. पण हातापायांची गेलेली संवेदना बहुधा परत येत नाही, आणि शिकून करायचं काम तिथून सुरू होतं.

मी अमरावती जिल्ह्यात एका मिशन दवाखान्याकडून आठ वर्षं गावोगाव फिरले. पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीच्या शेतात, अनवाणी फिरणारा म्हातारा म्हणाला, ‘पाय दुखतच नाही तं जखम कायची, बाई?’ रोज पाय भिजवून तेल लावा, एमसीआरची, म्हणजे मऊ रबरी तळाची, चप्पल घाला, हे घरोघरी सांगून पटेना. शेवटी राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेनंतर दहा मिनिटं मागून घेतली. मिशनवाली बाई राष्ट्रसंतांच्या प्रार्थनेत! कुणालाच खटकलं नाही. पुढच्या आठवड्यात तिघी आपणहून, कुष्ठरोगाच्या शंकेनं, अंगावरचे चट्टे दाखवायला आल्या. त्यातला एक निव्वळ गजकर्ण निघाला, ते सोडा.