सम-खुडीची संध्याकाळ : उंट, जेवण, गाणं, थंडी (अनुभव लिहा)

पायवाट
माळा आवरताना जुनी सॅक झटकली आणि शिवणीतून चिमूटभर वाळू फरशीवर पडली. फिकी सोनेरी, रव्याहून बारीक. समची! (सम आणि खुडी ही जैसलमेरजवळची वाळूच्या टेकड्यांची ठिकाणं.) मग काही केल्या डोक्यातून जैसलमेर जाईना. थंडी आली की इथे दर आठवड्याला कोणीतरी 'समला काय करायचं, कसं करायचं' विचारतंच, तर एकदा सगळं एका जागी होऊन जाऊ दे. ज्याला जे नेमकं माहीत आहे ते लिहा.

सुरुवात वेळेपासून करते, कारण ही संध्याकाळ बिघडते ती बहुतेक उशिरामुळे. जैसलमेर पार पश्चिमेला, साधारण ७१ रेखांशावर. आपली प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची. म्हणजे तिथला सूर्य घड्याळाच्या पाऊण तास मागे चालतो. त्यामुळे लोक निवांत राहतात आणि मग डिसेंबरात फसतात. डिसेंबरात सूर्यास्त सहाच्या थोडा आधीच होतो, फेब्रुवारीअखेर पावणेसातच्या सुमारास. सम शहरापासून ४० किमीच्या आसपास. वाटेत कुलधरा (ओसाड पडलेलं जुनं गाव, १८ किमी) बघायचं तर तिथे पाऊण तास जातोच. डिसेंबरात अडीचला निघा, साडेचारला कॅम्पवर पोचा, पावणेपाचला उंटावर. 'आधी चहा-भजी, मग उंट' असं कॅम्पवाले म्हणतील. चहा थांबतो, सूर्य थांबत नाही.

कोरांटी
बरं झालं काढलास धागा! पुढच्या महिन्यात सासूबाईंना घेऊन जायचंय. त्यांची कंबर दुखते, उंटावर बसवावं का?

खोगीर
कोरांटीताई, मणक्याची गादी सरकलेली असेल, गुडघ्याचं ऑपरेशन झालं असेल किंवा कोणी गरोदर असेल, तर उंटाची पाठ नकोच. उंटगाडी मागा. दोन चाकं, सपाट फळी, वर गादी, पुढे एक उंट. टेकडीच्या पायथ्यापर्यंत आरामात जाते.

बाकीच्यांसाठी बसण्याची रीत लिहितो. पडणं होतं ते चालताना क्वचित, उठता-बसताना जास्त.

उंट बसलेला असताना डाव्या बाजूने या, तोंडाकडून किंवा शेपटीकडून नको. खोगिराच्या (तिकडे पलाण म्हणतात) पुढच्या दांड्याला एक हात, मागच्या कडेला दुसरा. पाय टाकून पूर्ण बसा, मगच उंटवाल्याला 'हां' म्हणा. उंट आधी मागचे पाय सरळ करतो. त्या क्षणी तुम्ही पुढे फेकले जाता, म्हणून आधीच मागे रेला. मग पुढचे पाय उचलतो, तेव्हा मागे झोक जातो, म्हणून पुढे वाका. दोन-तीन सेकंदांचा खेळ आहे. बसताना आधी पुढचे गुडघे टेकतात आणि पहिला झोका परत पुढेच. तेव्हाही मागे रेला. उंट बसवण्याला तिकडे 'झेकणे' म्हणतात. उंटवाला 'झै झै' करायला लागला की दांडा घट्ट धरा. याच क्षणी लोक मोबाईल काढतात आणि याच क्षणी तो पडतो.

मीठभाकर
रिकिबीचं पण लिहा ना. बऱ्याच पलाणांना दोरीचे फासे असतात, त्यात पाय किती घालायचा?

खोगीर
फक्त चवडा. टाचेपर्यंत घातला आणि तोल गेला तर पाय अडकतो. दोरी लांब असेल तर उंटवाल्याला आखूड करायला सांगा, पाय लोंबकळत ठेवले की मांड्या सोलवटतात. जीन्सची आतली जाड शिवणही तेच करते. सैल सुती पायजमा किंवा ट्रॅकपँट उत्तम. ओढणी, लांब स्कार्फ कमरेला खोचून.

आजोळ
लहान मूल असेल तर मूल पुढे, मोठं माणूस मागे. दोन मुलांना एकत्र बसवू नका, उंटवाला कितीही 'कुछ नहीं होगा' म्हणो.

रानवारा
उंट एका बाजूचे दोन्ही पाय एकदम टाकतो, मग दुसऱ्या बाजूचे. घोडा चालताना असं करत नाही. म्हणून हा डावी-उजवी हेलकावा देतो आणि बोट लागणाऱ्याला इथेही मळमळतं. दुपारी भरपेट जेवू नका. कंबर ताठ धरू नका, सैल सोडली की झोका अंगावर येत नाही. अर्ध्या तासाच्या वर पहिल्यांदा बसणाऱ्याने जाऊच नये.

आणि एक महत्त्वाचं. आपला पर्यटनाचा हंगाम आणि उंटाच्या माजाचा हंगाम एकच, म्हणजे थंडी. नर माजावर आला की तोंडाला फेस येतो, दात करकरा वाजवतो, कानामागे मानेवर काळपट चिकट स्राव दिसतो आणि अधूनमधून तोंडाच्या कडेने फुग्यासारखा गुलाबी मांसल भाग बाहेर काढून गुडगुड आवाज करतो. तो आजार नव्हे, पण अशा उंटाच्या तोंडाजवळ जायचं नाही, सेल्फी तर बिलकुल नाही. चावला तर हाड मोडतं. मुसकी बांधलेली असेल तर उंटवाला शहाणा आहे असं समजा. मादी किंवा शांत नर मागायला संकोच करू नका.

मोगरा
बापरे, तो गुलाबी फुगा म्हणजे उंटाची जीभ असंच सगळे सांगतात!

रानवारा
जीभ नाही. टाळूच्या मागचा मऊ भाग, हवा भरून बाहेर येतो. फक्त नरात.

चाकोरी
उंट निवडताना बघायच्या गोष्टी: पलाण काढलेलं असेल तर मदारीच्या (पाठीवरच्या उंचवट्याच्या) बाजूंना जखम आहे का, नाकातल्या वेसणीच्या खुंटीभोवती रक्त-पू आहे का, लंगडतोय का. मदार एका बाजूला लुळी पडली असेल तर खाणं पुरेसं मिळत नाहीये, कारण मदारीत चरबी साठते, पाणी नव्हे. असा उंट नाकारा आणि का नाकारला ते सांगा. गिऱ्हाईक बोलतं तेव्हा मालक ऐकतो. रांगेत एकामागे एक बांधलेले असतील तर मध्येच फोटोसाठी थांबवू नका, मागच्याची दोरी ताणली की वेसण नाकात रुतते.

उंटांची संख्या घटत चालली आहे. राजस्थानने २०१४ मध्ये त्याला राज्यपशू केलं. जैसलमेरी उंट उंच, सडपातळ, स्वारीचा. बिकानेरी अंगाने भरलेला, ओझ्याचा. बिकानेरला उंटाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे (१९८४ पासून), तिथे उंटिणीच्या दुधाचा चहाही मिळतो. हे जरा भरकटलं, पण वाटेत असेल तर नक्की जा.

सुगरण
मी जेवणासाठी आले :)

कॅम्पवरची बाटी बहुतेक वेळा भट्टीतली किंवा सरळ तळलेली असते. निखाऱ्यातली हवी असेल तर दुपारीच सांगून ठेवा, ती घाईत होत नाही. १ किलो जाडसर कणीक, पाव किलोच्या जरा आत तूप, मीठ, ओवा. पीठ घट्ट मळून २० मिनिटं झाकून ठेवायचं. लिंबापेक्षा थोडे मोठे गोळे. गोवऱ्या पूर्ण जळून वर राखाडी थर आला की मगच गोळे ठेवायचे. जाळ असताना ठेवले तर बाहेरून काळे आणि आत कच्चं पीठ, आणि नेमकं हेच होतं, कारण पाहुणे भुकेले असतात. आधी निखाऱ्यावर फिरवून रंग आणायचा, मग गरम राखेत २०-२५ मिनिटं पुरायचं. तडा गेला की शिजली. फडक्याने राख झटकून, दाबून, तुपात बुडवायची. दाबल्यावर मध्ये चिकट दिसलं तर परत पाठवा, पोट बिघडतं.

केर-सांगरीचं सांगायचं राहिलं. केर (वाळवंटी झुडपाची बारीक फळं) आदल्या रात्री ताकात भिजत घालतात, नाहीतर कडू लागतात. सांगरी वेगळी पाण्यात. सांगरी १०० ग्रॅम असेल तर केर २५-३० ग्रॅम, त्याहून जास्त नको. मग उकडून तेलात लाल मिरची, दही, आमचूर. कांदा पडत नाही. चांगली जमली असेल तर सांगरी दाताखाली किंचित करकरते, लगदा होत नाही.

मोगरा
सांगरी म्हणजे शमीच्या शेंगा ना? दसऱ्याला पूजतो ती?

सुगरण
हो तीच! तिकडे खेजडी म्हणतात. राजस्थानचा राज्यवृक्ष, १९८३ पासून. कोवळ्या शेंगा खुडून उकडून वाळवतात म्हणजे वर्षभर भाजी.

मीठभाकर
आपल्याकडे शमीच्या शेंगा कोणी खात नाही, नवल आहे. सुक्या शेंगा ऑनलाइन मिळतात का?

सुगरण
जैसलमेरच्या बाजारातूनच आणा. बारीक, गडद तपकिरी, सुरकुतलेल्या घ्या. जाड आणि फिक्या असतील तर आत बी धरलेलं, भिजूनही चिवट राहतात.

सूरपेटी
गाण्याबद्दल कोणीच लिहिलं नाही अजून. खूप कॅम्पांवर पाऊण तास लोकसंगीत आणि मग दोन तास डीजे. कॅम्प ठरवतानाच विचारा: कमायचा आहे का? कमायचा असेल तर मांगणियार मंडळी (पिढीजात लोकगायक-वादक समाज) आहेत, आणि मग ती रात्र कानात भरून घरी येते.

कमायचा म्हणजे आंब्याच्या लाकडाचं गोल खोल भांडं, वर बकरीचं कातडं ताणलेलं, मुख्य तारा आतड्याच्या, वाजवतात गजाने. सारंगीपेक्षा भारदस्त, घोगरा, छातीत घुमणारा आवाज. साकर खान साहेबांना (हमीरा गावचे) याच वाद्यासाठी २०१२ ला पद्मश्री मिळाली. सोबत खडताल: प्रत्येक हातात लाकडाच्या दोन सुट्या पट्ट्या, कशानेही बांधलेल्या नाहीत, फक्त बोटांच्या पकडीवर. वाजवणाऱ्याच्या अंगठ्याकडे बघा, एक पट्टी स्थिर आणि दुसरी त्याच्यावर नाचते.

नाच कालबेलियांचा. काळा घेरदार घागरा, आरसे, रंगीत लेस. पूर्वी साप-गारुड्याचा धंदा असलेला समाज, म्हणून पुंगी आणि ती नागमोडी चाल. २०१० मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत गेला. डोक्यावर मडक्यांची उतरंड घेऊन नाचतात ती भवई, ती वेगळी.

जेवणं झाल्यावर कलाकारांना विनंती करा: माइक बंद, शेकोटीजवळ १५ मिनिटं. स्पीकरमध्ये कमायच्याचा खर्ज चिरकतो, उघड्यावर तो खरा ऐकू येतो. बक्षिसी त्यांच्या हातात द्या, काउंटरवर नको.

आजोळ
सूरपेटी, किती सुंदर लिहिलंत. 'कमायचा आहे का' हा प्रश्न लिहून घेतला.

चाकोरी
जीप सफारी. वाळूत चालवायला टायरची हवा १५-१८ पीएसआयपर्यंत उतरवतात, टायर पसरतो आणि रुतत नाही. डांबरी रस्त्यावर येण्याआधी परत भरायला हवी. निघताना ड्रायव्हरला हवेचं विचारा, उत्तरावरून माणूस कळतो. टेकडीवर सरळ चढणं-सरळ उतरणं ठीक. उतारावर आडवी घातली की उलटते, तसं करू लागला तर लगेच थांबवायला सांगा. उभं राहायचं तर दोन्ही हात दांड्याला आणि गुडघे किंचित वाकलेले. रुतली तर सगळे उतरा, चाकं फिरवत बसला तर आणखी खोल जाते. चाकापुढची-मागची वाळू हाताने काढून, आलेल्या चाकोरीवरून उलट.

कोरांटी
कपडे काय घ्यावेत? दुपारी तर २३-२४ दाखवतंय.

रानवारा
तोच तर चकवा. हवा कोरडी, ढग नाहीत आणि वाळू उष्णता धरत नाही. सूर्य गेल्यावर तासाभरात अंगावर काटा येतो. जानेवारीत रात्री सरासरी ८ अंश, कधी त्याहून खाली. थर्मल, स्वेटर, कानटोपी उंटावर जातानाच सोबत घ्या, 'तंबूत ठेवू, नंतर घालू' नको. सासूबाईंना गरम पाण्याची पिशवी. आणि पायात बूट, पण मोजे गुळगुळीत. लोकरीच्या मोज्यात भुरट अडकतं (बारीक काटेरी गोळे असलेलं गवत), ते बोटाने उपटलं तर बोटात घुसतं. कंगव्याने काढायचं.

मृग
अमावस्येच्या आसपास जा!! डिसेंबरअखेर रात्री नवाला कृत्तिका डोक्यावर, मृग पूर्वेला चढलेला, खाली व्याध. कॅम्पचे दिवे आडवे येतात, म्हणून टेकडीच्या पलीकडच्या अंगाला १० मिनिटं बसा, डोळे सरावले की आकाश भरून येतं. टॉर्चला लाल कागद लावा. खुडीला दिवे कमी, गर्दीही कमी. वाळू चांदण्यात बघायची असेल तर पौर्णिमा. मरु महोत्सव माघ पौर्णिमेलाच संपतो, पण तेव्हा समला पाय ठेवायला जागा नसते.

चाकोरी
मृगशी सहमत. आणि हा सगळा राष्ट्रीय मरु उद्यानाच्या कुशीतला भाग आहे, गोडावणचं (आपला माळढोक) घर. समलाच त्यांचं प्रजनन केंद्र आहे. रात्री फटाके, आकाशात सोडायचे कागदी कंदील यांना स्पष्ट नाही म्हणा. पाण्याच्या बाटल्या परत आणा, उंट प्लॅस्टिक खातात.

मोगरा
नान्नजला (सोलापूरजवळच्या अभयारण्यात) आता माळढोक दिसतो का हो कोणाला?

आजोळ
त्यावर वेगळा धागा काढ गं, इथे हरवेल.

मीठभाकर
कॅमेरावाल्यांसाठी: वाळूवर लेन्स बदलायची नाही, एकच लावून जा. मोबाईल चेन असलेल्या छातीच्या खिशात. कॉन्टॅक्ट लेन्स लावत असाल तर त्या दिवशी चष्मा. टेकडी चढताना वाऱ्याकडच्या बाजूने चढा, तिथे वाळू घट्ट असते. दुसरी बाजू भुसभुशीत, दोन पावलं वर आणि एक खाली.

पायवाट
किती छान माहिती जमली! सासूबाईंची उंटगाडी ठरली का कोरांटी?
ता. क. : त्या सॅकची चेन अडकलीय. वाळू गेलीय दातांत. तेल घालू का?

खोगीर
तेल नको! वाळू आणि तेलाचा लेप होतो आणि चेन कायमची बसते. कोरड्या जुन्या टूथब्रशने दातांच्या दोन्ही बाजूंनी झटका, सॅक उलटी धरून. मग दातांवर मेणबत्ती घासा आणि हळूहळू मागे-पुढे करा.

कोरांटी
हो, ठरली उंटगाडी :) आणि कमायचा विचारला फोनवर. आहे म्हणाले.