प्रतिसाद: डायलच्या मापावर जाऊ नका

बायकांच्या मनगटी घड्याळाबद्दल "मनगट बारीक असेल तर २८ मिमी व्यासाचं घ्या" हे वरचं मत अर्धंच बरोबर आहे. व्यासापेक्षा वरच्या कानापासून (पट्टा जिथे अडकतो ती टोकं) खालच्या कानापर्यंतची लांबी मोजा. कान मनगटाच्या सपाट भागाबाहेर गेले की घड्याळ लोंबल्यासारखं दिसतं. चौकोनी घड्याळाला तर व्यासच नसतो. कार्तिए या फ्रेंच कंपनीचं टँक मस्ट हे चौकोनी घड्याळ, लहान माप, साधारण २९.५ बाय २२ मिमी आहे आणि बारीक मनगटावर छान बसतं.

बांगड्यांचा मुद्दा मात्र कुणीच काढला नाही. घड्याळाच्या सफायरच्या (कृत्रिम नीलमाच्या, फार कठीण) काचेला साधी बांगडी ओरखडत नाही, पण १८ कॅरेट सोनं काचेपेक्षा मऊ असतं. हिरव्या चुड्याशेजारी चकचकीत सोन्याची केस (घड्याळाची बाहेरची चौकट) असलेलं घड्याळ घातलं तर कडेवर बारीक रेघा उमटणारच. दोन्ही हातांत बांगड्या असतील तर ब्रश केलेलं (चकाकी नसलेलं) स्टील घ्या, त्यावर रेघा कमी दिसतात. आपल्याकडे लातूर-परभणीचा उन्हाळा ४२ अंशांच्या वर जातो. घामाने चामडी पट्टा आतून काळा पडतो, वासही धरतो. म्हणून एप्रिल-मेपुरता स्टीलचा पट्टा लावा, करंगळी जेमतेम आत जाईल इतका सैल, कारण उष्णतेत मनगट सुजतं.

क्वार्ट्झ, म्हणजे बॅटरीवर चालणारं घड्याळ घेतलं तर संपलेली बॅटरी आत ठेवू नका, ती गळून मशीन खराब करते. बदलताना मागच्या झाकणाचं रबर तपासून घ्या, नवीन लागलं तर बसवून घ्या आणि पाण्याच्या दाबाची चाचणी मागा. ती सोय नसलेल्या दुकानात झाकण उघडूच देऊ नका, अगदी ओळखीचा कारागीर असला तरी.