अपडेटनंतर टॅबलेट आपोआप रीस्टार्ट होतो: रीसेट करावा का?

स्वरलेखा, इंदूर

नमस्कार. माझे सासरे रामबागेतील आमच्या घरी शास्त्रीय गायनाचे वर्ग घेतात आणि तानपुरा व ठेका या दोन्हींसाठी एक दहा इंची अँड्रॉइड टॅबलेट वापरतात. त्याच टॅबलेटमध्ये त्यांच्या जुन्या वह्यांतील बंदिशींची छायाचित्रे आणि विद्यार्थ्यांच्या गाण्याची ध्वनिमुद्रणे साठवलेली आहेत. टॅबलेट सुमारे चार वर्षांपूर्वी घेतलेला आहे. गेल्या महिन्यात त्यावर कंपनीचे मोठे सिस्टिम अपडेट आले आणि ते घेतल्यापासून तो वाटेल तेव्हा काळा पडतो, कंपनीचे चिन्ह दिसते आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू होतो. विलंबित ख्याल नुकता रंगू लागलेला असताना तानपुरा मध्येच बंद पडला, की गाणाऱ्याचा सूर तर जातोच, पण सासऱ्यांचा पाराही चढतो.

मेमरी कार्ड काढून पाहिले, तरी फरक पडला नाही. ६४ जीबीपैकी जवळपास २० जीबी जागा मोकळी आहे. जेल रोडवरील एका दुकानदाराने ‘सॉफ्टवेअर मारून देतो’ असे सांगितले, म्हणजे आतील सगळे पुसून पुन्हा भरावे लागेल, आणि त्याला सासऱ्यांची मुळीच तयारी नाही. रीसेट केल्याने हा त्रास खरोखर जातो का, आणि अपडेटपूर्वीच्या आवृत्तीवर परत जाता येते का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

माळवी माणूस

माझ्या टॅबलेटला अपडेटनंतर असेच झाले होते आणि फॅक्टरी रीसेट केल्यावर तो व्यवस्थित चालू लागला. बॅकअप घ्या आणि करून टाका. उगाच आठवडे घालवण्यात अर्थ नाही.

विद्युल्लता

वरील सल्ल्याशी मी सहमत नाही. रीसेटने त्रास गेला तर मुळात काय बिघडले होते ते कळत नाही, आणि न गेला तर सगळे पुन्हा भरण्याचे कष्ट करून आपण होतो तिथेच राहतो. बॅकअप मात्र आजच घ्या. ध्वनिमुद्रणे यूएसबी केबलने संगणकावर उतरवा, परंतु टॅबलेट मध्येच बंद पडणारा असल्यामुळे सगळी एकदम न उतरवता फोल्डरवार उतरवा, आणि उतरवलेल्यांपैकी दोन-चार संगणकावर वाजवून खात्री करा.

त्यानंतर सेटिंग्जमध्ये टॅबलेटच्या माहितीच्या पानावर ‘अप टाइम’, म्हणजे टॅबलेट सुरू झाल्यापासूनचा वेळ, शोधा. काही टॅबलेटमध्ये ते ‘स्टेटस’ या उपविभागात असते. अँड्रॉइडमध्ये दोन प्रकारचे रीस्टार्ट होतात आणि पाहणाऱ्याला ते जवळजवळ सारखेच दिसतात. पहिल्या प्रकारात तळाचा लिनक्स कर्नल, म्हणजे यंत्रसामग्री सांभाळणारा सिस्टिमचा गाभा, चालूच असतो. त्यावरची ‘सिस्टिम सर्व्हर’ ही मुख्य प्रक्रिया कोसळते आणि पुन्हा उभी राहते. ही प्रक्रिया सुमारे ६० सेकंद अडकून पडली, तर ‘वॉचडॉग’ नावाची यंत्रणा तिला स्वतःच बंद पाडते. दुसऱ्या प्रकारात संपूर्ण यंत्र बंद होऊन पहिल्यापासून सुरू होते. पहिल्या प्रकारात अप टाइमचे घड्याळ चालूच राहते, दुसऱ्यात ते शून्यावर येते. घड्याळ चालू राहिले असेल, तर दोष बहुधा सॉफ्टवेअरचा असतो. ते शून्यावर आले असेल, तर कर्नल आणि ड्रायव्हर (यंत्राचे सुटे भाग चालवणारी सॉफ्टवेअर) यांच्याबरोबरच उष्णता, बॅटरी व पॉवरचे बटण यांचाही विचार करावा लागतो. पुढच्या वेळी टॅबलेट सुरू होताच हा आकडा पाहून येथे लिहा.

दुसरी चाचणी सेफ मोडची. पॉवरचा मेनू आणून त्यातील ‘पॉवर ऑफ’वर बोट दाबून धरले, की बहुतेक टॅबलेट सेफ मोडमध्ये जाण्याविषयी विचारतात. सेफ मोडमध्ये आपण नंतर टाकलेली सर्व ॲप्स निष्क्रिय असतात, त्यामुळे तेथेही रीस्टार्ट होत राहिले तर ॲप्सवरचा संशय बराचसा मिटतो. आपल्या बाबतीत अडचण अशी, की तानपुऱ्याचे ॲपही तेथे चालणार नाही, आणि पडून राहिलेला टॅबलेट बंद पडला नाही म्हणून काही सिद्ध होत नाही. यासाठी तानपुऱ्याचे अर्ध्या तासाचे ध्वनिमुद्रण आधी करून ठेवा आणि सेफ मोडमध्ये ते टॅबलेटबरोबरच आलेल्या प्लेअरवर, वर्गात असतो त्याच आवाजात आणि पडद्याच्या त्याच उजेडात वाजवा.

सॉफ्टवेअर किती क्षुल्लक कारणाने कोसळू शकते, याचे उदाहरण २०२० साली दिसले होते. अमेरिकेतील एका सरोवराचे छायाचित्र वॉलपेपर म्हणून लावताच अँड्रॉइड १० असलेले कित्येक फोन पुन्हापुन्हा कोसळू लागले, कारण त्यातील एका ठिपक्याच्या उजळपणाची किंमत हिशेबात २५५ च्या पुढे गेली आणि पडद्यावरचे दृश्य सांभाळणाऱ्या भागाला ती पेलली नाही. तेव्हा अपडेटवर संशय घेणे चूक नाही. फक्त अपडेटनंतर घडले म्हणून अपडेटमुळेच घडले, असे धरून चालू नये.

खंडेराव

दोन गोष्टींची भर घालतो. टॅबलेट उभा करण्यासाठी जाड कव्हर वापरत असाल, तर ते काढून पाहा. पॉवरचे बटण काही सेकंद सतत दाबले गेले, तर सॉफ्टवेअरला न विचारता यंत्र सक्तीने रीस्टार्ट होते, आणि घट्ट कव्हरची कड किंवा अडकलेले बटण हेच काम करू शकते. तसेच काही कंपन्यांच्या टॅबलेटमध्ये ठरावीक वेळी आपोआप रीस्टार्ट होण्याची सोय असते, तीही तपासा.

जुन्या आवृत्तीवर परत जाण्याच्या फंदात मात्र पडू नये. त्यासाठी बहुधा बूटलोडर, म्हणजे यंत्र सुरू होताना सिस्टिम चढवणारा कुलूपबंद प्रोग्राम, उघडावा लागतो, तसे करताना सगळा डेटा पुसला जातो, आणि अनेक यंत्रांत जुनी आवृत्ती नाकारण्याची व्यवस्था मुद्दामच केलेली असते. रिकव्हरी मेनूत (सिस्टिम सुरू न करता उघडणाऱ्या दुरुस्तीच्या मेनूत) जाऊन ‘कॅशे, म्हणजे तात्पुरत्या फाइली, पुसा’ हा सल्लाही आपल्याला कोणीतरी देईलच. तो निरुपद्रवी आहे, परंतु त्या मेनूत डेटा पुसण्याचा पर्याय अगदी लगतच असतो आणि निवड आवाजाच्या बटणांनी करावी लागते. शिवाय ज्या टॅबलेटमध्ये अपडेट साठवणीच्या दुसऱ्या विभागावर, वापर चालू असतानाच पार्श्वभूमीत चढते, त्यांच्यापैकी बहुतेकांत कॅशेसाठी वेगळा विभाग नसतोच.

स्वरलेखा, इंदूर

सर्वांचे आभार. सांगितल्याप्रमाणे एकेक करून पाहिले. बॅकअप घेतला. आपोआप रीस्टार्टची सोय बंदच होती. कव्हर काढून टॅबलेट हार्मोनियमवर नुसता आडवा ठेवला, तरी तो बंद पडला. अप टाइम प्रत्येक वेळी शून्यापासून सुरू झालेला दिसला. सेफ मोडमध्ये ध्वनिमुद्रण वाजवताना तो पुन्हा बंद पडला. चार्जर लावून ठेवला, तर मात्र पूर्ण वर्ग सुरळीत पार पडतो. परंतु स्पीकर केबलने जोडलेला असल्यामुळे चार्जर लावताच त्यातून बारीक गुणगुण ऐकू येते आणि ती षड्जाच्या इतकी जवळ आहे, की सासऱ्यांना ती क्षणभरही सहन होत नाही.

आणखी एक गोष्ट माझ्या मुलाच्या लक्षात आली. बंद पडण्यापूर्वी बॅटरी ४१ टक्के दाखवत होती आणि सुरू झाल्यावर १७. थोड्या वेळाने काहीही न करता तो आकडा २६ झाला.

विद्युल्लता

या आकड्यांनी निदान जवळजवळ पक्के केले आहे. बॅटरी थकलेली आहे.

लिथियम-आयन बॅटरी जुनी होते तेव्हा तिची क्षमता घटते, हे सर्वांना ठाऊक असते. तिचा अंतर्गत रोधही, म्हणजे आतून विद्युत्प्रवाहाला होणारा अडथळाही, वाढतो, याकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. प्रोसेसर, पडदा आणि स्पीकर यांनी एकाच क्षणी जास्त विद्युत्प्रवाह मागितला, की या वाढलेल्या रोधामुळे बॅटरीचे व्होल्टेज एकदम खाली येते, आणि ते ठरावीक मर्यादेखाली गेले की यंत्र बंद पडते. भार उतरताच व्होल्टेज सावरते. जुनी झालेली गाडी चढणीला लागताच धापा टाकते, तसाच हा प्रकार आहे. टक्केवारी हा मुळात एक अंदाज असतो. रीस्टार्टनंतर तो व्होल्टेज पाहून नव्याने बांधला जातो, म्हणून ४१ चे १७ झाले. चार्जर लावल्यावर भाराचा मोठा वाटा चार्जर उचलतो, म्हणून तेव्हा त्रास होत नाही.

मग अपडेटनंतरच का, हा प्रश्न उरतो. मोठ्या अपडेटनंतर ॲप्स नव्या सिस्टिमसाठी पुन्हा तयार (कंपाइल) केली जातात, छायाचित्रांची अनुक्रमणिका पुन्हा बनते आणि प्रोसेसर काही काळ जोरात चालतो. त्यातच नवी आवृत्ती जुनीपेक्षा जड असली, तर काठावर तगून असलेली बॅटरी उघडी पडते. ॲपलने २०१७ च्या जानेवारीत आयओएस १०.२.१ मध्ये जुन्या बॅटरीचे आयफोन अचानक बंद पडू नयेत म्हणून प्रोसेसरचा वेग आवरण्याची व्यवस्था घातली होती आणि ही गोष्ट त्याच वर्षीच्या डिसेंबरात जाहीरपणे मान्य केली. दोष बॅटरीचा, लक्षण सॉफ्टवेअरचे, अशी गल्लत त्या प्रकरणातही झाली होती.

टॅबलेट सपाट टेबलावर पालथा ठेवून तो डुगडुगतो का, किंवा पडदा कडेला उचललेला आहे का, हे आजच पाहा. बॅटरी फुगलेली दिसली तर चार्जिंग ताबडतोब थांबवा आणि उचललेला पडदा दाबून बसवण्याचा प्रयत्न करू नका. फुगलेली नसेल, तर बॅटरी बदलेपर्यंत वर्गात चार्जर लावून ब्लूटूथ स्पीकर वापरा. केबलचा संबंध तुटला की गुणगुण बहुधा जाईल.

खंडेराव

बॅटरी अधिकृत सर्व्हिस सेंटरमधूनच बदलावी. तेथे ‘अपडेटनंतर बिघडला’ एवढेच सांगितले, तर ते प्रथम सॉफ्टवेअर पुन्हा टाकण्याचाच आग्रह धरतील. जॉब शीटवर (दुरुस्तीसाठी देताना मिळणाऱ्या नोंदीच्या कागदावर) ‘चार्जरवर चालतो, चार्जरशिवाय बंद पडतो, सेफ मोडमध्येही बंद पडतो, टक्केवारी ४१ वरून १७ वर येते’ असे स्पष्ट लिहून घ्या आणि ‘डेटा पुसण्यास परवानगी नाही’ हेही त्यावरच लिहवून घ्या. टॅबलेटमध्ये कोणते गूगल खाते आहे आणि त्याचा पासवर्ड काय, हे सासऱ्यांना ठाऊक असल्याची खात्री करा, कारण अँड्रॉइड ५.१ पासून अशी व्यवस्था आहे, की रिकव्हरीतून रीसेट झाल्यावर जुन्या खात्याची ओळख पटवल्याशिवाय टॅबलेट उघडत नाही. सेवेबाबत तक्रार करण्याची वेळ आलीच, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

स्वरलेखा, इंदूर

ज्यांना हाच त्रास आहे त्यांच्यासाठी कळवते. टॅबलेट पालथा ठेवल्यावर किंचित डुगडुगला, म्हणून त्याच दिवशी वापर थांबवला. सर्व्हिस सेंटरमध्ये आधी मदरबोर्डचा खर्च सांगण्यात आला. जॉब शीटवरील मजकूर दाखवून आधी बॅटरी तपासण्याचा आग्रह धरल्यावर त्यांनी मागचे झाकण उघडले आणि फुगलेली बॅटरी काढून मलाच दाखवली. नवी बॅटरी बसवली, आतील ध्वनिमुद्रणे जशीच्या तशी आहेत आणि सिस्टिम तीच, अपडेट केलेली आहे. तेव्हापासून तानपुरा मध्ये थांबलेला नाही. ब्लूटूथ स्पीकर मात्र परत करावा लागेल, कारण त्यावर ठेका क्षणभर उशिरा ऐकू येतो, अशी सासऱ्यांची तक्रार आहे.