तीन मतांनी हुकलं
ब्रिटनने युरोपीय संघ सोडणं म्हणजे ब्रेक्झिट. ते ‘रिमेनवाल्या’ (संघातच राहू पाहणाऱ्या) खासदारांनी अडवलं असं म्हटलं जातं, ते अर्धंच पटतं. लोक वैतागले होते यात वाद नाही. २०१६ ला बाहेर पडण्याचा कौल दिला आणि त्यासाठी ठरलेली २९ मार्च २०१९ उलटली तरी गाडं जागचं हलेना. पण तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मेबाईंचा बाहेर पडण्याचा करार संसदेत तीनदा पडला, त्यात त्यांच्याच हुजूर पक्षातल्या कट्टर ब्रेक्झिटवाल्यांचा हात होताच की!

आणि १ एप्रिलच्या संसदेतल्या मतदानाचा विषय कुणी काढतच नाही. हुजूर खासदार केन क्लार्क यांचा कस्टम्स युनियनचा (बाहेर पडूनही युरोपीय संघाशी सामाईक जकात ठेवण्याचा) प्रस्ताव २७३ विरुद्ध २७६ असा पडला. दोघांनी बाजू बदलली असती तरी चित्र पालटलं असतं (प्रस्ताव बंधनकारक नव्हता, हे मान्य). पुढे बाहेर पडायची मुदत वाढवल्यामुळे, जिथून बाहेर पडायचं त्याच युरोपीय संसदेची निवडणूक घ्यावी लागली. लोकांनी राग तिथे काढला: ब्रेक्झिटचे कट्टर समर्थक नायजेल फराज यांच्या नव्याकोऱ्या पक्षाला २९ जागा, सत्ताधाऱ्यांना ४. त्यानंतरही ३१ ऑक्टोबरचा मुहूर्त हुकलाच. त्या तारखेची पन्नास पेन्सची नाणी टांकसाळीत पाडून तयार होती, ती चक्क वितळवावी लागली.