मदत हवी आहे: लॅकेसचे बीड्स खऱ्या सांडपाण्यात फुगून फुटतायत

नमस्कार मंडळी, एमएस्सीचा प्रोजेक्ट अडकलाय, टेक्स्टाइल किंवा बायोटेकवालं कोणी असेल तर प्लीज बघा.

ट्रॅमेटिस व्हर्सिकलर बुरशीचं लॅकेस (रंग तोडणारं एन्झाइम) सोडियम अल्जिनेटमध्ये (समुद्री शेवाळापासूनचा, जेल होणारा पदार्थ) मिसळून कॅल्शियम क्लोराइडमध्ये थेंब थेंब सोडून बीड्स (जेलचे मणी) केलेत. लॅबमध्ये पीएच ५ च्या अ‍ॅसिटेट बफरमध्ये रेमॅझोल ब्रिलियंट ब्लू आर हा निळा रंग घेतला की रंग मस्त उतरतो, बीड्स धुऊन परत वापरता येतात. पण इचलकरंजीच्या एका प्रोसेस हाउसचं (कापड रंगवायचा कारखाना) सांडपाणी आणलं आणि सगळा बट्ट्याबोळ! पीएच १० च्या वर होता तो अ‍ॅसिड घालून ५ वर आणला, तरी बीड्स फुगून लिबलिबीत होतात आणि शेकरवर फुटतात. त्यात जास्त करून रिअ‍ॅक्टिव्ह ब्लॅक ५ हा काळा रंग आहे, तो तर ढिम्म हलत नाही. वर बीड्सच निळेकाळे झालेत, म्हणजे रंग तुटलाय की नुसता चिकटलाय तेच कळेना. सर म्हणतात पेपर वाच. ग्लुटारल्डिहाइडने क्रॉसलिंक करू (रेणू एकमेकांना बांधून घट्ट करू) का अल्जिनेटऐवजी सरळ कायटोसान (कोळंबी-खेकड्याच्या कवचापासूनचा पदार्थ) घेऊ?

प्रतिसाद १:
मीठ बघ आधी. कॉटनवर रिअ‍ॅक्टिव्ह रंग चढवायला लिटरला ४०-८० ग्रॅम मीठ सहज घालतात, ते जातं कुठे, सांडपाण्यातच ना. सोडियम बीडमधल्या कॅल्शियमला हाकलून जागा घेतो म्हणून बीड फुगते. साधं मीठ असेल तर त्यातला क्लोराइड लॅकेसला दाबतो तो वेगळाच, ग्लॉबर सॉल्ट (सोडियम सल्फेट) असेल तर तेवढा त्रास नाही. आणि रंगाच्या बाथमध्ये सिक्वेस्टरिंग एजंट असतो, त्याचं कामच कॅल्शियम पकडणं, तो तुझे बीड्स कशाला सोडेल! त्यामुळे अल्जिनेटचा नाद सोड, कायटोसानवर ग्लुटारल्डिहाइडने एन्झाइम बांध, गळतीही कमी होईल. फक्त रंग कायटोसानलाही भरपूर चिकटतो, म्हणून एन्झाइम उकळून मारायचं आणि तसेच बीड्स करून शेजारी लावायचे. दोन्हीकडे रंग सारखाच उतरला तर लॅकेसने काही केलेलं नाही. ब्लॅक ५ अ‍ॅझो गटातला रंग आहे, मीडिएटरशिवाय (एन्झाइम आणि रंग यांच्यामधला मदतनीस रेणू) अवघड. तुझा रेमॅझोल ब्लू अँथ्राक्विनोन गटातला, तो लॅकेसला सोपा जातो, लॅबमधल्या रिझल्टवर फार जाऊ नकोस.

धागाकर्ती:
बापरे, सिक्वेस्टरिंग एजंट डोक्यातच नव्हता! मीठ कुठलं ते विचारते तिथल्या डाइंग मास्टरना. मीडिएटर म्हणून एबीटीएस आहे लॅबमध्ये पण ते महाग, सर ओरडतील. सिरिंगाल्डिहाइड कोणी वापरलंय का, किती मिलिमोलरपासून सुरू करू?