जपून ठेवलं आणि बुरशी लागली: तुमचे अनुभव लिहा

सुरुवात मीच करते. कॅमेरा खराब होऊ नये म्हणून लेदरच्या केसमध्ये, ती केस प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि पिशवी कपाटाच्या अगदी खालच्या खणात, अशी माझी काळजी! सात-आठ महिन्यांनी काढला तर सगळे फोटो धुरकट. टॉर्च मारून लेन्समध्ये बघितलं तर आत कोळिष्टकासारखे पांढरे धागे, बाहेरून कितीही पुसा. रिपेअरवाल्याने उघडून साफ केली पण कोटिंगवर उमटलेली नक्षी गेली नाही, बुरशीतून ॲसिड सुटतं ते कोटिंग खातं. आणि लेदर ओल धरून ठेवतं, वर बुरशीला तेच खायला! आता कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेल (ओल शोषणाऱ्या दाण्यांची पुडी) आणि छोटा हायग्रोमीटर (हवेतला दमटपणा मोजणारा). दमटपणा ४० ते ५० टक्क्यांत ठेवते, ६० च्या वर गेला की जेल बदलते.

---

जेल बदलते हे महत्त्वाचं. मी तीच पुडी दोन वर्षं ठेवून निवांत होतो, ती केव्हाच ओलीने भरून गेली होती. रंग बदलणारे दाणे घ्या, भगवे हिरवे झाले की भरले समजायचं, मग तापवून सुकवले की परत वापरता येतात. निळे मात्र टाळा, त्यात आरोग्याला घातक कोबाल्ट असतं.

---

आमच्याकडे जुना ॲम्प्लिफायर. पूर्ण पावसाळा बंद, नंतर लावला तर आवाजाचं बटण फिरवलं की नुसती खरखर. उघडला तर बोर्डावर धुळीचा थर, धूळ ओल ओढून घेते आणि त्यातून करंट नको तिथे जातो, बोर्डावरच्या पार्टच्या पायांवर हिरवट गंज चढलेला. ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ केला, पूर्ण सुकू दिला, मगच प्लग लावला. आता आठवड्यातून एकदा तासभर चालू ठेवतो, आतल्या उबेने ओल टिकत नाही. घरचे विचारतात कोणी ऐकत नाहीये तर लावलाय कशाला, काय सांगणार!

---

व्हिडिओ कॅसेटवाल्यांनो, रिळाच्या कडेला पांढरी पावडर दिसली तर कृपया लावून बघू नका. मी बघितली, मुलाच्या पहिल्या पावलांची होती, राहवलं नाही. टेप अडकून चुरगळली, बुरशी प्लेअरच्या हेडवर (टेप वाचणाऱ्या भागावर) बसली आणि पुढची धडधाकट कॅसेटही खराब झाली.

---

एसीच्या खोलीतून लॅपटॉप एकदम दमट गॅलरीत नेला, स्क्रीनवर दव. चालू न करता तासभर थांबलो, वाचला. हल्ली बाहेर काढायच्या आधी झिपच्या पिशवीत बंद करतो आणि बाहेरच्या तापमानाला आला की उघडतो.

---

माझ्या हेडफोनच्या गाद्यांवर हिरवी बुरशी आली होती, गाद्या नवीन बसवल्या पण आतल्या जाळीवर अजून बारीक ठिपके आहेत आणि कुबट वास येतोय. जाळी स्पिरिटने पुसली तर मागच्या आवाज काढणाऱ्या पातळ पडद्याला काही होईल का? कोणी केलंय?